वरून खायची आईसकांडी

आमच्या घरमालकांनी उभ्या जन्मात कशाला ओठ लावला नव्हता.

पाणी वरून. कॉफी वरून, तीही उकळती. स्टीलचा पेला हातभर उंच धरायचा, मान मागे टाकायची आणि धार सोडायची. मिशीवर एक थेंब पडेल तर शपथ. तापाचं औषध टोपणातून वरून. पोस्टाचं तिकीट ओल्या फडक्यावर दाबून चिकटवायचे. शिट्टी, बासरी, पिपाणी सगळं वर्ज्य. फोनसुद्धा तोंडापासून वीतभर लांब धरायचे आणि म्हणून ओरडून बोलायचे. ते घरात फोनवर 'कोण?' म्हणाले की समोरच्या पीजीतली पोरं खिडकीतून आपापली नावं सांगायची. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही, अंदाज केला.

मी नागपूरची. ऑफिस बेळ्ळंदूरच्या बाजूला, रिंग रोडवर, आणि राहायला कोरमंगलात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर. गल्लीतले सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. ते मला माझ्या नावानं कधीच हाक मारत नसत. 'नागपूर, गेट लावलंस का?' 'नागपूर, तुझा गीझर चालू राहिलाय!' पहिल्या दिवशी खोली बघायला गेले तेव्हा मी मराठी बोलते म्हटल्यावर अण्णा खूश झाले.

"आम्ही पण मराठीच की. आमचे लोक चारशे वर्षांमागे घोड्यावरून इकडे आले. तू?"

"स्लीपर बसनं."

"सरी," ते म्हणाले. "पोचलीस ना."

त्यांची मराठी अशीच. शुद्ध, जुनी, आणि चावता चावता मध्येच कानडीचा खडा लागायचा. ठीक आहे म्हणायचं तर 'सरी', जरासं म्हणजे 'स्वल्प', पुरे म्हणजे 'साकु'. माझी मराठी त्यांना तिखट वाटायची. मी 'काय करून राहिले अण्णा?' म्हटलं की म्हणायचे, "राहिलो नाही गं, घर माझंच आहे, तूच राहिलीस."

नोकरी त्यांनी एका सरकारी कारखान्यात केली, टेलिफोन तपासायची. रिटायर होऊन जमाना झाला तरी तपासणी सुटली नव्हती. जगातल्या प्रत्येक वस्तूला त्यांच्याकडे तीनच शेरे होते: पास, रिजेक्ट आणि रीवर्क. गाडीवरची भेंडी रिजेक्ट. नवा उड्डाणपूल रिजेक्ट. माझा एक मित्र मला सोडायला गेटपर्यंत आला होता, त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघून, त्याच्या तोंडावर, "रीवर्क." त्याच माणसाशी मी पुढे लग्न केलं. शेरा बरोबर होता, काम अजून चालू आहे.

एकाच व्यक्तीला त्यांनी कधी शेरा दिला नाही, ती म्हणजे अक्का.

अक्का त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्यांना कडेवर वाढवलं. लग्न होऊन गेली, काही वर्षांत नवरा वारला, परत आली, ती कायमची. घरातला कायदा तिचा होता, आणि कायद्याचं पहिलं कलम: ओठ लागला की उष्टं. दुसऱ्याचं तर नाहीच, पण आपलं स्वतःचं उष्टंसुद्धा परत तोंडाला लावायचं नाही. अण्णा सत्तरी ओलांडून गेले तरी हे कलम त्यांनी एकदाही मोडलं नव्हतं. घरात फ्रिज होता, पण तो अक्कांच्या सोवळ्यातल्या दह्याचा. त्याला मी लांबून नमस्कार करत असे.

त्या उन्हाळ्यात अक्कांचे उरलेले दात काढले. (उन्हाळा हा त्यांचा शब्द. आम्हा नागपूरवाल्यांना तसल्या हवेत स्वेटर सापडत नाही म्हणून चिडचिड होते.) दात गेले, हिरड्या सुजल्या, आणि अक्कांनी जेवणच सोडलं. दोन घास दहीभात, की 'साकु'. औषध नको, पेज नको. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टरीण घरी येऊन गेल्या. म्हणाल्या, "हिरड्यांना थंड द्या. मुलं खातात तशी आईसकांडी द्या, पण घरी केलेली. घट्ट दही आणि फळं, साखर नको. पोटात काहीतरी जायलाच हवं, नाहीतर दाखल करून नळीनं भरवावं लागेल."

त्या दिवशी अण्णा जिना चढून वर आले आणि हळू आवाजात बोलले. मी घाबरलेच. हा माणूस हळू बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"तिथं नेलं तर ती पाणीपण पिणार नाही गं, नागपूर. नळी ओढून फेकेल. गेली तर परत येणार नाही ती."

"मग द्या ना आईसकांडी."

"विचारलं. म्हणते, चाटायचं? मी? मांजरासारखं? आणि चाटलेलं पुन्हा चाटायचं?"

"वाटीत वितळवून द्या."

"दिलं. म्हणते, ताक नासलंय."

म्हणून अण्णांनी ठरवलं की जगात जी नाही ती वस्तू आपण तयार करायची: ओठ न लावता खायची आईसकांडी. आणि त्यासाठी त्यांना हवा होता माझा फ्रीझर. मी प्रामाणिकपणे सांगितलं की अण्णा, माझ्या फ्रिजमध्ये अंडी असतात. त्यांनी डोळे मिटले.

"अंडी कुठं असतात?"

"दारात. खाली."

"फ्रीझर वर. वेगळा मजला, वेगळं दार. खालच्या मजल्यावर कोण राहतं ते वरच्यानं कशाला बघायचं? तू बघतेस का आम्ही काय खातो ते?"

झालं. दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीच्या गजाला पंच्यात बांधलेलं दही टांगलेलं होतं, आणि खाली माझ्या कुंडीतल्या तुळशीला ठिबकसिंचन चालू होतं.

दह्यातलं पाणी पूर्ण गेलं पाहिजे यावर ते अडून बसत. पाणी राहिलं की कांडीत बर्फाची कच लागते. ते चूक नव्हतंच. पण पहिल्याच खेपेला चक्क्यात एलक्की, म्हणजे इकडची बोटाएवढी केळी कुस्करली, भिजवलेला खजूर घातला, आणि मी पाठ वळवली तेवढ्यात चर्र आवाज आला. मोहरी, हिंग, कढीपत्ता!

"माय वं! अण्णा, हे काय करून राहिले?"

त्यांनी हातातल्या कढल्याकडे बघितलं. तेही चकित झाले होते. "दही दिसलं की हात जातोच गं. घोड्यावरून आलो तेव्हापासून जातोय."

ती कांडी मीच खाऊन बघितली. गोठलेली मोहरी दाढेत अडकली की काय होतं ते सांगवत नाही. मी म्हटलं, "रिजेक्ट." त्यांना तो शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची सवय नव्हती. संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

मग माझी पाळी. आईनं नागपूरहून संत्री पाठवली होती. म्हटलं, बघाच आता. सोललेल्या फोडी तशाच्या तशा मिक्सरला लावल्या, बियांसकट, कोण निवडत बसणार? रात्रभर गोठवल्या. सकाळी अण्णांनी एक तुकडा मोडला, उंच धरला, वरून तोंडात टाकला. त्यांचा चेहरा एका बाजूला गोळा झाला.

"नागपूर, तुमच्याकडे हे मुद्दाम खातात का?"

कडू जहर झालं होतं. बियांचा प्रताप. पण संत्र्यावर बोललेलं मी माझ्या सासूचंसुद्धा ऐकून घेत नाही, हे तर घरमालक. चांगलं भांडण झालं. शेवटी 'फळात दोष नाही, मिक्सर चालवणारीत आहे' एवढ्यावर तडजोड झाली, आणि आम्ही चिकूवर आलो. चिकू गोड निघाले, आणि मग रसपुरी आंबे बाजारात आल्यावर प्रश्नच मिटला. दही, आंबा, खजूर. चव पास.

अडला तो आकार. अक्कांसाठीची पहिली कांडी त्यांनी पेल्यात लावली, काडी उभी करून. अक्कांना आरामखुर्चीत बसवलं, मान मागे, तोंड उघडं, आणि अण्णा वर कांडी धरून उभे, ठिबकेल या आशेनं. पहिला थेंब नाकावर पडला. दुसरा डोळ्यात.

"मला पिंडी केलंस का रे?" अक्का ओरडल्या. "बेल पण आण!"

मी जिन्यात बसून पोट धरून हसले.

तोड निघाली ती आप्पेपात्रातून. त्याच्या एकेका खळग्यात मिश्रण भरायचं, मधोमध छोटी काडी रोवायची. लिंबाएवढी गोळी. अख्खी तोंडात घालायची आणि काडी ओढून घ्यायची. ओठ लागले तरी एकदाच, परत तोंड लावायचा प्रश्नच नाही. कायद्यात बसत होतं. अक्कांनी पहिली गोळी तोंडात घातली. गाल फुगले, डोळे मोठे झाले, बोलता येईना. अण्णा श्वास रोखून उभे. मग अक्कांनी गिळली आणि एक बोट वर केलं: अजून एक.

अण्णा वर येऊन माझ्या फ्रीझरच्या दारावर थाप मारून गेले. पाठीवर मारतात तशी.

मग ते रोज चालू झालं. अक्का खाऊ लागल्या, दुपारी आंबा, संध्याकाळी चिकू. बांगड्या मनगटाकडे परत यायला लागल्या. इथं गोष्ट संपायला हवी होती, पण एका दुपारी मी घरून काम करत होते आणि मागच्या दोरीवरचे कपडे काढायला खाली गेले. मागच्या दाराच्या पायरीवर अक्का बसल्या होत्या. डोळे मिटलेले, हातात काडी, आणि जीभ बाहेर. चाटत होत्या. मन लावून, गोल फिरवून, खालचा ओघळ वर घेत.

मी खोकले. अक्कांनी डोळे उघडले. जीभ आत गेली.

"बस," त्या म्हणाल्या. "अण्णाला सांगू नको."

मी बसले.

"अख्खी तोंडात घातली की गार हिरड्यांत चावतं गं. आणि चव कळते कुठं? चव चाटल्यावर कळते." मग त्या माझ्याकडे न बघता बोलत राहिल्या. "हा पाच-सहा वर्षांचा होता. गाडीवाल्याकडून आईसकांडी घेऊन चाटत चाटत घरी आला. मी थोबाडीत मारली. कांडी हिसकावून गटारात टाकली. रडला खूप. त्या दिवसापासून ह्यानं कशाला ओठ लावला नाही. मी सांगितलं म्हणून. आणि आता मी म्हातारपणी जीभ काढून बसलेली त्यानं बघायची? मरेन मी."

"नाही सांगत," मी म्हटलं.

"आणि तुझ्या फ्रिजमध्ये अंडी असतात का, ते मला विचारायचं नाहीये. म्हणून सांगू पण नको."

त्याच आठवड्यात अण्णा वर आले. हातात एक वापरलेली काडी. दारातच डोळे मिचकावले.

"बघ. गोळी अख्खी तोंडात गेली तर काडीचं खालचं टोक कोरडं राहिलं पाहिजे. हे बघ, पिवळं. म्हणजे ओघळ आला. म्हणजे वेळ लागला. म्हणजे?"

मी काडी उलटसुलट करून बघितली.

"अक्का चाटते!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतका आनंद झालेला माणूस मी कोरमंगलात दुसरा पाहिलेला नाही.

"मग सांगा ना त्यांना, माहीत आहे म्हणून."

"अय्यो! मला कळलं हे तिला कळलं, तर त्या क्षणी बंद करेल. खाणंच सोडेल. तू सांगू नको हं, नागपूर."

आता माझी अवस्था बघा. खाली दोघं, वर मी, आणि पोटात दोघांचं एकच गुपित, दोन वेगवेगळ्या शपथांसकट.

तरी निभलं असतं. पण अक्कांना आब राखायचा होता. एकदा अण्णांसमोर त्या मुद्दाम म्हणाल्या, "ओठाला स्वल्प लागतं रे. लहान कर." झालं! अण्णांना लहान करणं भाग. नाही केली तर संशय येईल. लिंबाची सुपारी झाली. अक्का मागच्या दारी मला म्हणाल्या, "ह्यात चाटायचं काय? जीभ लागायच्या आत संपते." मी अण्णांना म्हटलं, मोठी करा. "कसं करू? विचारेल ना, मोठी का केलीस?" मी अक्कांना म्हटलं, मोठी मागा. "कसं मागू? विचारेल ना, मोठी कशाला हवी?" दोघंही एकमेकांची अब्रू राखण्यात गुंग आणि गोळी मात्र रोज बारीक होत चाललेली. अक्का एक खाऊन 'साकु' म्हणायला लागल्या. बांगड्या परत कोपराच्या वाटेला लागल्या. डॉक्टरीण दुसऱ्या दिवशी येणार होत्या.

मी मीटिंगमध्ये होते तेव्हा अण्णा वर आले. हातात औषधाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट. त्याच्या एकेका फुगीर खळग्यात त्यांनी ड्रॉपरनं दही-आंबा भरला होता.

"फ्रीझरमध्ये ठेव. ही ओठाला लागूच शकत नाही."

माझं डोकंच फिरलं. लॅपटॉप बंद केला, फ्रीझर उघडला. मी स्वतःसाठी पेल्यात दोन मोठ्या कांड्या लावल्या होत्या, त्या पाण्याखाली धरून ओढून काढल्या आणि त्यांना म्हटलं, "चला खाली."

अक्का पुढच्या पडवीत बसल्या होत्या.

"अक्का, तुम्ही चाटता हे ह्यांना माहीत आहे. अण्णा, तुम्हाला माहीत आहे हे आता ह्यांना माहीत झालं. मला दोघांनी शपथ घातली होती, दोन्ही मोडल्या. उद्या डॉक्टरीण येऊन ह्यांना घेऊन जातील, मग बसा अब्रू घेऊन! ह्या धरा, आणि दोघंही चाटा मुकाट्यानं!"

मला वाटलं, आता नवीन खोली शोधा.

"तुला माहीत होतं?" अक्कांनी विचारलं.

"काडीवरून कळलं," अण्णा म्हणाले.

"आणि बोलला नाहीस."

"तू खात होतीस ना."

अक्कांनी कांडीकडे बघितलं. ती गळायला लागली होती. "खुर्ची फिरव," त्या म्हणाल्या. "तू गेटाकडे बघ, मी तुळशीकडे बघते. न बघितलेलं उष्टं नसतं."

पाठीला पाठ लावून दोघं बसले. मी मध्ये पंचासारखी उभी. अक्कांचं लगेच सुरू झालं. अण्णांनी सवयीनं कांडी हातभर वर नेली, मान मागे टाकली. मग थांबले. हळूहळू हात खाली आणला आणि ओठ लावला. त्यांचा चेहरा मी सांगू शकत नाही. मला तिथं उभं राहायला लाज वाटली.

"कशी आहे?" अक्कांनी विचारलं.

"गार आहे गं." मग थोड्या वेळानं, "त्या दिवशीची गुलाबी होती."

"केशरी."

"गुलाबी. मला आठवतं ना. तू गटारात टाकलीस, मी बघत होतो."

अक्कांनी दोनदा चाटलं. "तुला पाठ वळवायला लावली होती. टाकली नाही मी. मागच्या दारी नेऊन खाल्ली. केशरीच होती. जीभ रंगली म्हणून मी दुसऱ्या दिवसापर्यंत तोंड उघडलं नव्हतं."

"अक्का!" अण्णा ताडकन उठून वळले. "ती माझी उष्टी होती!"

"हो ना. म्हणून तर सांगितलं नाही."

अण्णांनी बहिणीकडे बघितलं. तोंडाला आंबा लागलेला, मिशी पिवळी, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला शेरा दिला, फोनवरच्या आवाजात.

"रिजेक्ट!"

समोरच्या पीजीच्या तीन खिडक्या उघडल्या. अक्का बोळकं उघडून हसत सुटल्या, बांगड्या वाजेपर्यंत. "रिजेक्ट नको रे," त्या म्हणाल्या. "रीवर्क म्हण. अजून आहे मी."

अण्णा पुन्हा पाठ लावून बसले. थोड्या वेळानं अक्कांचा हात खांद्यावरून मागे आला, रिकामी काडी घेऊन. "नागपूर, अजून एक आहे का गं?"

नव्हती. दोनच केल्या होत्या. मी काही बोलायच्या आत अण्णांनी आपली अर्धी चाटलेली कांडी न वळता मागे धरली. अक्कांनी ती घेतली आणि खायला लागल्या.